खाडा

गेली सतरा-अठरा वर्षं दर रविवारी सकाळी दहाला मी पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीत, समाजमंदिराच्या ओट्यावर टेबल मांडून बसते. टेबल म्हणजे घडीचं पत्र्याचं मेज, शाईचा पॅड, स्टेपलर, दोन पेनं आणि अंगठे पुसायला एक जुनं फडकं. धुणंभांडी, केरफरशी, पोळ्या, म्हाताऱ्या माणसांचं बघणं अशी कामं करणाऱ्या बायका येतात. कुणाचा फॉर्म भरायचा असतो, कुणाचं रेशनकार्ड अडलेलं असतं, कुणाला नुसतं जरा बसायचं असतं. आठवड्याचे बाकीचे दिवस मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते, त्यामुळे फॉर्मचे रकाने चुकत नाहीत, एवढी माझी एक पात्रता. दुसरी पात्रता म्हणजे माझी आई. बाहत्तरच्या दुष्काळामागोमाग, १९७३ साली ती बार्शी तालुक्यातून पुण्याला आली, कडेवर मला घेऊन. पुढची चौतीस वर्षं तिनं लोकांची भांडी घासली.

आता माझेही गुडघे बोलायला लागलेत. वस्तीतलीच एक मुलगी, समाजकार्य शिकलेली, टेबल चालवायला तयार झाली आहे. ‘ताई, काय काय लक्षात ठेवायचं ते लिहून द्या,’ म्हणाली. तिच्यासाठी वहीत लिहिलं ते हे. आकडे तिच्या सोयीचे आहेत; पहिलं ते मोठं आणि शेवटचं ते छोटं असं काही नाही.

१. पगाराआधी खाडे विचार.

नवी बाई समोर बसली की आपल्या तोंडी पहिला प्रश्न येतो, घरं किती आणि पगार किती. पगार ती जरा कमी सांगेल किंवा जरा जास्त, समोर कोण बसलंय ते बघून. पण ‘महिन्याला सुट्ट्या किती, आणि खाडा झाला तर काय होतं?’ असं विचारलंस की ती खुर्ची पुढे ओढेल. तिथून खरं बोलणं सुरू होतं.

हे मला सात वर्षांची असताना कळलं, अर्थात तेव्हा कळलं आहे हे कळलं नव्हतं. आई ज्या घरी सगळ्यांत आधी जायची, तिथे स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय टांगलेलं असे. कालनिर्णय निघालं १९७३ मध्ये, म्हणजे त्याचं आणि आईच्या पुण्याचं वय एकच. त्या घरच्या वहिनी आईच्या खाड्याच्या तारखेला लाल पेननं गोल करायच्या आणि महिनाअखेर खाड्याला बारा आणे कापायच्या. पगार वीस रुपये. आईला वाचता येत नव्हतं. ती खाडा झाला की घरी डालड्याच्या रिकाम्या डब्यात एक चिंचोका टाकायची.

एका महिन्यात चिंचोके निघाले तीन आणि गोल निघाले पाच. आई काही बोलली नाही. पुढच्या दिवशी मला बरोबर घेऊन गेली आणि भांडी घासायला बसताना हळूच म्हणाली, ‘दाराला ते लटकलंय ना, वाच जरा.’ मी दुसरीत होते, आकडे येत होते. पाच गोलांपैकी दोनांच्या पोटात बारीक अक्षरात ‘दू’ लिहिलेलं होतं. मी मोठ्यांदा विचारलं, ‘दू म्हणजे काय?’ वहिनी आल्या, चष्मा लावून बघितलं आणि हसू लागल्या. दूधवाला ज्या दिवशी आला नव्हता ते दोन दिवस आईच्या नावावर पडले होते. त्यांनी तिथल्या तिथे दीड रुपया काढून दिला. वाईट नव्हत्या त्या. आईनं त्यांच्याकडे पुढे वीस वर्षं काम केलं.

पण दुधाचा खाडा आणि बाईचा खाडा एकाच पेननं, एकाच कॅलेंडरवर मांडला जातो, हे मी त्या दिवशी पाहिलं. दूध आलं नाही तर पैसे द्यायचे नाहीत, हा हिशेब सरळ आहे. दुधाला ताप येत नाही.

२. संपात आई काय करत होती?

१९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, हे तू अभ्यासात वाचलं असशील. कुणी वरून पुकारला नव्हता, बायका आपापल्या उठल्या. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. मागण्या पगारवाढीच्या होत्या तशा सुट्टीच्याही होत्या. लोक मला विचारतात, तू दहा वर्षांची होतीस, काय आठवतं? मोर्चा आठवतो का, घोषणा आठवतात का? खरं सांगायचं तर, मला त्या दिवशीची आई आठवते. मी शाळेतून दुपारी घरी आले तर खोलीचं दार आतून लावलेलं. वाजवलं, कुणी उघडेना. शेजारच्या मावशींनी फटीतून बघितलं आणि म्हणाल्या, ‘निजलीय गं.’ भर दुपारी आईला झोपलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं ती आजारी आहे. मी उंबऱ्यावर बसून राहिले.

संध्याकाळी ती सभेला गेली, ते खरं आहे. पण मला कुणी संपाचं चित्र काढायला सांगितलं तर मी ते बंद दारच काढीन.

पुढे १६ जून २०११ ला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ते वाचताना मला दुपारची ती झोप आठवली. भारतानं कराराच्या बाजूनं मत दिलं, पण करार स्वतःला लागू करून घेतला नाही. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं केंद्राला सांगितलं. बायकांना हे सगळं जरूर सांग. पण ‘होईल लवकरच’ असं तुझ्या तोंडून जाऊ देऊ नकोस. माझ्या तोंडून ते तीनदा गेलंय. तिन्ही वेळा ज्यांना सांगितलं त्या माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या.

३. साडी हा बोनस नव्हे.

दिवाळीला एक पगार हा बोनस. जुनी साडी, उरलेला चिवडा, मुलाचे लहान झालेले बूट, हे सगळं घ्यावं, आनंदानं घ्यावं, पण हिशेबात धरू नये. इतकंच. ह्यावर बायकांना भाषण देऊ नकोस. त्यांना ते तुझ्याआधीपासून माहीत आहे.

उचल मात्र लिहून ठेवायला लाव. मुलीच्या लग्नाला चाळीस हजार उचल घेतली की बाई त्या घराला बांधली जाते. पगार वाढवा म्हणता येत नाही, काम सोडता येत नाही, आणि महिन्याला किती वळते झाले हे दोघींनाही नीट आठवत नाही. दहा रुपयांची एक वही, दोन्ही सह्या, नाहीतर सही आणि अंगठा. मालकीण नाही म्हणाली तर बाईनं आपली एकटीची वही ठेवावी. चिंचोके तर चिंचोके.

४. पाणी किती पितेस, हे विचार.

हा प्रश्न मला फार उशिरा सुचला. सहकारनगरच्या बाजूला सकाळी सहा ते दुपारी दोन, सहा घरं करणारी एक बाई होती. पस्तिशीची, गोरीपान, सतत थकलेली. दर महिन्या-दीड महिन्यानं तिला उन्हाळी लागायची. आग, ठणका, कधी ताप. महापालिकेच्या दवाखान्यातून तीनदा गोळ्या आणल्या. डॉक्टरांनी प्रत्येक वेळी सांगितलं, पाणी जास्त प्या. ती मान हलवून यायची. चौथ्या वेळी माझ्यासमोर बसली, तेव्हा मी सहज विचारलं, ‘मग पितेस का पाणी?’ तर म्हणाली, ‘पिऊन जाऊ कुठं?’

सहा घरं, प्रत्येक घरात दोन दोन बाथरूम, ती ती रोज घासते. आणि आठ तासांत तिला लघवीला जायला जागा नाही. तिला कुणी ‘जाऊ नको’ म्हटलेलं नव्हतं. तिनं कधी विचारलं नव्हतं, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. एका घरी एकदा ती गेली होती, तेव्हा मागून फिनेल टाकल्याचा आवाज तिनं ऐकला. त्यानंतर ती सकाळी चहासुद्धा अर्धा कप घ्यायची.

मी आवेशात म्हणाले, मी येते, बोलते त्यांच्याशी. तिनं हात जोडले. मग आम्ही बसून तिच्या घरांची यादी केली. तिसऱ्या सोसायटीत तळमजल्यावर एक आजी एकट्याच राहत होत्या, तिच्याशी गप्पा मारणाऱ्या. ते घर ती सगळ्यांत शेवटी करायची. ते सकाळी दहाला आणलं. आजींना तिनं स्वतःच सांगितलं, ‘आजी, मला त्रास आहे, जरा जाऊन येऊ का?’ आजी म्हणाल्या, ‘अगं, विचारतेस काय?’ क्रम बदलायला दोन घरांशी पंधरा दिवस वेळेची ओढाताण झाली. पण उन्हाळी थांबली. त्या आजी गेल्या तेव्हा ही बाई घरचं माणूस गेल्यासारखी रडली. लोकांना वाटलं, केवढी माया. माया होतीच.

चिखल्यांचंही असंच. पूर्वी राखेनं आणि काथ्यानं हात फाटायचे, आता साबणाच्या पाण्यानं बोटांच्या बेचक्या सोलतात. पावसाळ्यात पायाची बोटं कधी कोरडी होत नाहीत. रबरी हातमोजे देणाऱ्या मालकिणी आहेत. बायका ते घालत नाहीत, कारण काचेचा ग्लास निसटला तर पगारातून जातो. हातमोजे दिलेत तर ग्लासही माफ करा, हे मालकिणीला सांगणारं कुणीतरी लागतं. सांगण्याचं काम तू कर. मलम लिहून देऊ नकोस. मी एकदा दिलं होतं, बोटं आणखी चिडली.

५. थोरली कितवीत आहे?

घरची खरी हालत ह्या एका प्रश्नात कळते. नवरा पितो का, हे विचारायची गरज नाही; ते विचारलं की बाई गप्प होते. थोरल्या मुलीची शाळा विचारायची. ती आठवीत आहे आणि रोज जाते म्हणाली की समजावं, घर उभं आहे. ‘असते घरीच, जाते मधनंअधनं’ म्हणाली की तिथे थांबायचं.

कारण बाईच्या आजारपणाचा खाडा शेवटी कुणाच्या तरी हजेरीपटावर लागतोच. १९८१ च्या पावसाळ्यात आईला कावीळ झाली. तीन आठवडे ती उठू शकत नव्हती. चार घरांनी बदली द्या म्हणून निरोप पाठवला. बदली म्हणजे आपल्या जागी दुसरी बाई आपणच शोधून द्यायची, आणि ती बाई तिथेच चिकटली तर आपलं घर गेलं. आईनं बदली म्हणून मला पाठवलं. मी अकरा वर्षांची. तीन घरांत मोरीत बसून घासायचं होतं, ते जमलं. चौथ्या घरात नवा उंच ओटा होता, तिथे पाटावर उभी राहून घासायची. सहावीच्या हजेरीपटात माझ्या नावापुढे ओळीनं ‘गै, गै, गै’.

ओट्याच्या घरच्या बाईंनी एकदा आईच्या तब्येतीची चौकशी करायला माणूस पाठवला. माणूस म्हणजे त्यांचा मुलगा, सायकलवरून आला. म्हणाला, ‘आईनं सांगितलंय, तुमची मुलगी तुमच्यापेक्षा लख्ख घासते. तीच येत राहिली तरी चालेल.’ कौतुकच होतं ते. मी खूश झाले. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती भिंतीला धरून उठली, डोळे अजून पिवळे होते, आणि कामाला गेली. मला दप्तर भरायला लावलं.

१० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांच्या आतल्या मुलांना घरकामाला ठेवायला कायद्यानं बंदी आहे. आता कुणी बदली पाठवली असं म्हणत नाही. ‘आईबरोबर येते मदतीला’ म्हणतात. जून ते ऑगस्ट ह्या तीन महिन्यांत डोळे उघडे ठेव, कारण आजारपणं तेव्हाच येतात. आणि गावाहून नुकतं आलेलं कुटुंब असेल तर मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला बरोबर आणलाय का ते बघ. बहुतेक वेळा तो गावच्या शाळेत राहिलेला असतो आणि दाखल्यापायी पोरीचं वर्ष जातं. दाखला नसला तरी आठवीपर्यंत शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे शाळेत जाऊन शांतपणे सांगायचं. भांडायचं नाही. सांगून तिथेच बाकावर बसून राहायचं.

६. कागद खुंटीला, पुरुषभर उंच.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. ओढ्याकाठच्या वस्त्यांत तासाभरात पाणी छातीपर्यंत चढलं. माणसं गेली, भिंती गेल्या. सकाळी चिखलात बायका भांडी शोधत होत्या आणि त्यांच्यातल्या तिघी-चौघी मला म्हणाल्या, ‘ताई, पेटी गेली.’ पेटी म्हणजे कागद. रेशनकार्ड, आधार, पोरांचे दाखले, घरपट्टीची पावती, सगळं पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत. चोराला सापडू नये म्हणून सगळ्यांत खाली. तेव्हापासून मी सांगते, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या एकात एक, तोंड बांधून, खुंटीला. आणि झेरॉक्सचा एक संच ज्या घरी विश्वास आहे त्या मालकिणीकडे.

आता मंडळाच्या कागदाचं. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. अठरा ते साठ वयाच्या बायकांची नोंदणी होते. त्यात मालकाचा दाखला लागतो, तिथे घोडं अडतं. नवीन जोडप्यांना भीती वाटते, सही केली तर उद्या फंड मागेल, कोर्टात जाईल. त्यांच्यामागे वेळ घालवू नकोस. सहा घरांपैकी एकाची सही पुरते. ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथे ती मिळते.

नोंदणी एकदा करून भागत नाही, चालू ठेवावी लागते. सरकारी भाषेत ‘जीवित नोंदणी’ म्हणतात. पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्या बाईला मंडळाकडून दहा हजार रुपये सन्मानधन मिळतं, पण नोंदणी जीवित पाहिजे. माझ्या टेबलापाशी अशा कितीतरी येतात की बाई चांगली धडधाकट समोर बसलेली असते आणि नोंदणी मेलेली असते. एप्रिल २०२१ मध्ये सरकारनं नोंदणी असलेल्या घरकामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले, तेव्हा आमच्या ओट्यापासून रस्त्यापर्यंत रांग लागली होती. त्यातल्या निम्म्यांना मीच तीन वर्षांपूर्वी म्हणाले होते, नूतनीकरण करून घ्या. त्यांना एक दिवस खाडा करून कार्यालयात जावं लागलं असतं. त्यांनी खाडा केला नव्हता.

जन्मतारीख नीट बघ. आपल्या निम्म्या बायका एक जानेवारीला जन्मल्या आहेत. आधार काढताना समोरच्यानं ‘वय किती असेल?’ विचारून तोंडाकडे बघून साल टाकलंय. सन्मानधनाला मग पाच वर्षं थांबायची वेळ येते.

७. टाळेबंदीबद्दल थोडंच.

मार्च २०२० मध्ये सोसायट्यांची फाटकं बंद झाली. पाच घरांची एक बाई मला हिशेब सांगायची: दोन घरांनी एप्रिलचा पगार दिला, एकानं जूनपर्यंत दिला, एकानं फोन उचलला नाही, आणि एकानं ‘काम नाही तर पगार कसला?’ विचारलं. शेवटचं घर सगळ्यांत मोठं होतं, हे सांगायची गरज नाही. जूनपर्यंत पगार देणारं घर एका रिक्षावाल्याचं होतं, ज्याची बायको अंथरुणाला खिळलेली. त्याचीही रिक्षा बंदच होती. हे लिहून ठेवते, कारण मी स्वतः अंदाज करायला बसले असते तर उलटा केला असता.

८. दारावर आधी जाऊ नकोस.

ही माझी सगळ्यांत मोठी चूक.

आपल्या वस्तीतल्या बायका संध्याकाळी घरी येतात. चोवीस तासांवर राहणाऱ्या मुली वेगळ्या. झारखंड, आसाम, बंगालकडून येतात, शहराच्या पूर्वेच्या त्या उंच इमारतींमध्ये राहतात, आणि त्यांना तू रविवारी भेटणार नाहीस, कारण त्यांना रविवार नसतो. आमच्या एका सफाईवाल्या मावशींनी अशाच एका इमारतीतल्या झारखंडच्या मुलीबद्दल सांगितलं. एकोणीस वर्षांची. कचरा खाली आणायची तेवढी दोन मिनिटं बाहेर. फोन मालकिणीच्या कपाटात, आधारकार्ड तिला आणणाऱ्या एजंटाकडे, पगारही एजंटाकडेच. तो म्हणे गावी पाठवतो.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी मी त्या दारावर गेले, माझं हिंदी अगाध, तरी तावातावानं बोलले. कायदा सांगितला, पोलिसांचं नाव घेतलं. मालकीण गोडच बोलली, पाणी दिलं. मुलगी आतल्या दारात उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती. आठवड्यानं मावशी म्हणाल्या, तिला तिथून हलवलं. एजंट येऊन घेऊन गेला. कुठे, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. तिच्या गावाचं नावसुद्धा मी विचारून ठेवलं नव्हतं.

म्हणून आधी मुलगी, मग दार. कचऱ्याच्या त्या दोन मिनिटांत तीन गोष्टी: गावाचं आणि आईबापाचं नाव, घरचा एक फोन नंबर, आणि तिला काय हवंय. कधी कधी तिला काम सोडायचं नसतं, फक्त आईशी बोलायचं असतं. १८१ हा महिलांचा मदतीचा नंबर तिला तोंडपाठ करायला लाव. तिच्या नावावर बँकेत खातं निघालं की अर्धी सुटका झाली. त्यासाठी आधार परत मिळवायचं. कुणी अंगाला हात लावत असेल तर २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा घरकामगारालाही लागू आहे, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. पण हे सगळं ती तयार असेल तेव्हा. तुझा संताप तिच्या उपयोगाचा नाही. तो तू घरी जाऊन काढ.

९. गावाला जाते म्हणजे सुट्टीवर जाते, असं कुणी म्हणालं तर दुरुस्त कर.

मालकिणी म्हणतात, ‘मे महिन्यात पंधरा दिवस गावाला गेली होती की!’ बाई गावाला जाते ती सासूला दवाखान्यात दाखवायला, घराचे पत्रे बदलायला, पुतणीच्या लग्नात दोनशे माणसांचा स्वयंपाक करायला. आई बार्शीच्या बाजूला जायची तेव्हा येताना तिच्या हाताला नवे घट्टे असायचे. आणि पुण्यात पाय ठेवला की पहिली धास्ती, कुठल्या घरानं दुसरी बाई लावली असेल.

गावाला तिची किंमत पैशात होते, हेही खरं. ‘पुण्याची’ आली म्हणजे पिशवीत काय आहे ते बघतात. आईनं चौतीस वर्षं पैसे पाठवून गावात एक खोली बांधली, सिमेंटची. काम सोडल्यावर ती तिथे राहायला गेली. चार महिन्यांत परत आली. म्हणाली, ‘तितं मला चहा आणून देत्यात गं.’ पाहुण्यासारखा. मी म्हटलं, मग चांगलंच आहे की. ती म्हणाली, ‘चौथ्या म्हैन्यातबी?’ त्या खोलीला आता कुलूप आहे. किल्ली देवाच्या फळीवर असते.

बाईनं गावी पैसे पाठवायचं थांबवावं असा सल्ला कधी देऊ नकोस. पण तिच्या स्वतःच्या नावावर इथे काय आहे, हे विचार. भिशी, बचत गट, टपालातलं खातं, काहीही.

१०. तुझ्या घरी कोण येतं?

हे टेबलावर बसणाऱ्यासाठी. माझ्या घरी गेली नऊ वर्षं एक मावशी येतात, भांडी आणि फरशी. मी सकाळी पतसंस्थेत जाते, आई आता पंच्याहत्तरीला आली, तिला वाकवत नाही. महिन्याला चार सुट्ट्या भरपगारी, आजारपणाची वेगळी, दिवाळीला एक पगार, सगळं पहिल्या दिवशी ठरवलेलं. मंडळाच्या फॉर्मवर सही माझी. वर्षानुवर्षं मी ते सभांमध्ये अभिमानानं सांगितलं आहे.

गेल्या मार्चात मावशींच्या सात सुट्ट्या झाल्या. त्यात पतसंस्थेत वर्षअखेर, मी रात्री नवाला घरी यायची आणि मोरीत भांड्यांचा ढीग. पैसे कापायचा विचार माझ्या मनात नव्हता, अजिबात नव्हता. फक्त एकदा बसून बोलावं म्हणून मी तारखा धरून ठेवत होते. एका रात्री आई स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली. दाराशी थांबली. तिला अक्षरं अजून येत नाहीत, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लांबचं फार स्वच्छ दिसतं.

‘ते लाल गोल कशाचे गं?’

‘दुधाचे,’ मी म्हणाले.

तिनं तांब्या ठेवला, पदरानं तोंड पुसलं. ‘आपलं दूध तर तूच आणतीस,’ म्हणाली आणि झोपायला गेली.